दप्तर नसलेले घर

शाळा म्हटले की कुणाला पहिल्या दिवसाचे रडणे आठवते, कुणाला गुरुजींची छडी, कुणाला गॅदरिंग. मला आठवते ती आईची पाठ. महापालिकेच्या शाळेच्या फाटकाशी मला सोडून ती उभी राहायची आणि मी वर्गात शिरले अशी खात्री पटली की पाठ फिरवून झपाझपा कामाला निघायची. वर्गाच्या खिडकीतून मला तेवढी पाठच दिसायची. पहिलीपासून चौथीपर्यंत हा क्रम एक दिवस चुकला नाही. अंगात कणकण असली तरी ‘जा, वर्गात बसलीस की बरं वाटंल’ हेच औषध. आमच्या घरात दोन दैवते. एक गावाकडचा खंडोबा आणि दुसरी शाळा. दोघांविषयीही शंका काढायची नसते.

म्हणूनच, आई ज्या घरी पोळ्या करायला जाते त्या घरातली दोन मुले शाळेतच जात नाहीत हे कळले तेव्हा मला ते खरे वाटेना.

“आजारी असतात का?” मी विचारले.

“छ्या! टुणटुणीत हैत. आईबापच घालत न्हाईत,” आई म्हणाली. मग त्या घराची बेअब्रू होऊ नये अशा बेताने आवाज खाली आणून पुढे म्हणाली, “दोघंबी चांगले शिकलेले हैत गं.”

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ह्या घराशी माझा संबंध आला. तिथल्या काकांना कामासाठी आठवडाभर परगावी जायचे होते आणि मुलांना घेऊन रोज बाहेर पडायचे म्हणजे काकूंना सोबतीला कुणीतरी हवे होते. “माझी पोरगी हाय की,” असे सांगून आई परस्पर मोकळी झाली. परीक्षेच्या फीची सोय होणार होती, म्हणून मीही हो म्हटले. खरे सांगायचे तर फीपेक्षा कुतूहल अधिक होते आणि कुतूहलापेक्षाही राग अधिक होता. ज्या फाटकाशी माझी आई चार वर्षे उन्हापावसात उभी राहिली, ते फाटक हे लोक आपण होऊन बंद करतात! हा कसला शौक?

सोमवारी सकाळी साडेसातला मी त्यांच्या दारात उभी राहिले. मुलांच्या घरात दाराशी दप्तरे पडलेली असतात. इथे पाण्याचे चार कॅन ठेवले होते. मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची. “ताई, तुम्हाला चढायला येतं ना?” हे मुलीचे पहिले वाक्य.

आम्ही वेताळ टेकडीवर गेलो. पावसाळ्यात लावलेल्या रोपांना पाणी घालायला काही माणसे आठवड्यातून एकदा तिथे जमतात. त्यांत पेन्शनर होते, नोकरदार होते, एक माळीकाकाही होते. पहिल्याच चढावर माझी दमछाक झाली आणि कॅन दोनदा खाली ठेवावा लागला. मुलगा मात्र चालता चालता मला माहिती पुरवीत होता. टेकडीवरची ही गिरिपुष्पाची झाडे इथली नव्हेत, ती मध्य अमेरिकेतली. उघडी टेकडी लवकर हिरवी व्हावी म्हणून लावली, असे त्याने सांगितले. मुलगी एका खुणा केलेल्या काठीने रोपांची उंची मोजून वहीत लिहीत होती. टेकडीवर मी यापूर्वी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा मैत्रिणींबरोबर फोटो काढायला.

मंगळवारी राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले. ‘राजा’ हे कुणा संस्थानिकाचे नाव असावे अशी माझी समजूत होती. काकूंनी सांगितले की तो केळकरांचा एकुलता एक मुलगा. सातव्या वर्षी तो गेला. त्याच्या आठवणीसाठी केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि पुढे हा सारा ठेवा महाराष्ट्र शासनाला दिला. ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविताही करीत. अडकित्ते, लामणदिवे, वज्र्या, कुलपे पाहून आम्ही स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी आलो. तिथे मुलीने विचारले, “जातं फिरवताना पीठ नेमकं येतं कुठून?”

काकू क्षणभर गप्प झाल्या आणि मी बोलू लागले. गावाकडे आजीचे जाते होते. खालची तळी, वरची तळी, मधला लोखंडी खुंटा, दाणे कुठून घालायचे, मूठ किती घालायची, मूठ मोठी पडली तर भरड कशी होते, हे सगळे मी भडाभडा सांगितले. मुलगा शेवटी म्हणाला, “तुम्हाला हे कुठल्या इयत्तेत होतं?” मला हसू आले. बारावीपर्यंतच्या कुठल्याच परीक्षेत मला जाते आले नव्हते.

बुधवारी मात्र मी रडवेली झाले. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम काकू करतात. त्या दिवशी बी.ए.चेच एक पुस्तक होते, म्हणून त्यांनी मला वाचायला बसवले. मी दुसरे पान उलटते न उलटते तोच मुलगा सहजपणे म्हणाला, “ताई, ‘पानी’ नाही, ‘पाणी’.” त्याच्या मनात काही नव्हते, हे मला आज कळते. पण कान तापले. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात असेच कुणीतरी हसले होते आणि त्यानंतर सहा महिने मी तासाला तोंड उघडले नव्हते. काकू फार ओशाळल्या. पुढची वीस पाने मी एकेका ‘ण’वर पाय रोवून वाचली. काम संपल्यावर तिथल्या दृष्टिहीन ताई म्हणाल्या, “तुमचा आवाज चांगला आहे. पुढच्या आठवड्यातही या.” मी मान हलवली. मग ती त्यांना दिसणार नाही हे लक्षात आले आणि मोठ्याने “येईन” म्हटले.

गुरुवारी आगाखान पॅलेस. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झाल्यावर गांधीजींना इथे ठेवले, १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई इथेच गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबाही. एवढे शाळेत पाठ केले होते. काकूंनी एक नवीन गोष्ट सांगितली. ह्या बंदिवासात गांधीजी कस्तुरबांना भूगोल आणि गुजराती शिकवीत असत. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. मुलांना त्याची मोठी गंमत वाटली. “त्यांची परीक्षा होती का?” मुलीने विचारले. समाधीपाशी उभी असताना सत्तरीतल्या एका बाईची वही माझ्या डोळ्यांपुढे येत राहिली. का, ते मला दुसऱ्या दिवशी कळायचे होते.

शुक्रवारी कुठेच जायचे नव्हते. त्या घरात शुक्रवारला ‘घरवार’ म्हणतात. त्या दिवशी ‘आठवड्याची वही’ पुरी करायची. वहीचा नियम असा की जे शिकलो ते लिहायचे आणि ज्याच्याकडून शिकलो त्याची खाली सही घ्यायची. सोमवारच्या पानावर माळीकाकांची सही होती. मंगळवारच्या पानावर जात्याचे चित्र आणि त्याखाली चक्क माझी सही! मला उगाचच मोठे झाल्यासारखे वाटले.

आई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. मुलीने वहीतून मान वर काढून तिला विचारले, “मावशी, लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही काय करायचात?”

“सुट्टी?” आई हसली. “आमची दिवाळी उसाच्या फडात.”

आजी-आजोबा बीडकडून ऊसतोडीला जात, एवढेच मला ठाऊक होते. त्या दुपारी जे ऐकले ते मी एकोणीस वर्षांत कधी ऐकले नव्हते, कारण कधी विचारलेच नव्हते. दसरा झाला की मुकादमाची गाडी दारात येई. आजोबांनी त्याच्याकडून उचल घेतलेली असे, ती फेडायला निघायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. “माणसाला कोयता म्हणतात?” मुलाने विचारले. “म्हनत्यात की,” आई म्हणाली. पाचटाच्या कोपीत राहायचे. पहाटेच्या अंधारात फडात जायचे. ऊस अगदी जमिनीला घासून तोडायचा, कारण सगळी गोडी बुडात. पाचट अंगाला लागले की कापते, म्हणून बाया लुगड्यावरून जुना सदरा घालत. शेंड्याकडचे वाढे बाजूला काढायचे, ते जनावरांना. मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि अरुंद फळीवरून गाडीत चढायचे. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची.

“आणि तुम्ही काय करायचात?”

“मी धाकट्या भावाला सांभाळायची. आन् काट्यावर जायची.”

काट्यावर म्हणजे कारखान्याच्या वजनकाट्यावर. आई गावात असताना शाळेत जाई, पण दसऱ्याला शाळा सुटे ती उन्हाळ्यातच पुन्हा दिसे. मग गुरुजी तिला पुन्हा त्याच इयत्तेत बसवीत. असे करता करता दुसरीतच तिची शाळा संपली. तेवढ्यात तिला आकडे येऊ लागले होते. आजोबांना ते येत नव्हते. म्हणून नऊ वर्षांच्या ह्या पोरीला ते आपल्याबरोबर काट्यावर नेत. ती पावतीवरचा आकडा वाचून सांगे आणि आजोबा तो दोरीला गाठी मारून लक्षात ठेवीत. एकदा मुकादमाने सांगितलेला आकडा आणि पावतीवरचा आकडा वेगळा निघाला. “म्या वराडले,” आई म्हणाली. “मुकादम म्हनला, पोरीला कशाला आणता? बाप म्हनला, ती माझी मास्तरीन हाय.”

तव्यावरची पोळी करपली. कुणाचेच लक्ष नव्हते.

मी मनात हिशेब करीत होते. शाळेत न जाणाऱ्या मुलांना सरकारी भाषेत ‘शाळाबाह्य’ म्हणतात. हा शब्द माझ्या आईला लागू पडला असता आणि ह्या दोन मुलांनाही पडतो. आईही उघड्या आभाळाखाली वाढली, गावोगाव हिंडली, कामातून शिकली. पण तिने ‘का?’ म्हणून विचारले तर थांबून उत्तर द्यायला मोकळा असलेला माणूस त्या फडात एकही नव्हता. इथे तो सकाळपासून रात्रीपर्यंत हजर आहे.

मुलाने दोन पाने भरून लिहिले. मग वही आणि पेन घेऊन मुलगी ओट्यापाशी गेली. “मावशी, सही.”

आईने हात पदराला पुसले आणि माझ्याकडे पाहिले. तिने का पाहिले याचा मी विचारच केला नाही. बँकेत ती अंगठा लावते. माझ्या प्रगतिपुस्तकांवर अण्णांनी नाहीतर मीच सही केलेली. आता इथे, ह्या मुलांसमोर, तिची फजिती होणार, या एकाच भीतीने मी पुढे झाले. “दे इकडे,” म्हणत पेन घेतले आणि झटकन तिचे नाव लिहून टाकले. वळणदार अक्षरात. मुलगी म्हणाली, “पण ती तर तुमची सही झाली.” आई परत पोळपाटाकडे वळली. मला पुन्हा तिची पाठ दिसली.

घरी परतताना कालव्याच्या कडेने आम्ही निम्मी वाट न बोलता चाललो. मग आई म्हणाली, “मला येत व्हतं की.”

“काय?”

“नाव. येळ लागतो जरा. पन येतं.”

“मग बँकेत अंगठा का लावतेस?”

“मागं लोक खोळंबत्यात. तूबी घाई करतीस.” एवढे बोलून तिने कोथिंबीर घ्यायची राहिली म्हणून विषय बदलला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आईला लिहिता येत नाही, हे मला कुणी सांगितले होते? कुणीच नाही. मी ठरवून टाकले होते.

शनिवारी भिडे वाडा आणि महात्मा फुले वाडा पाहायचा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी जिथे मुलींची शाळा काढली तो बुधवार पेठेतला भिडे वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आला. मुलांना रस्त्यावरून जागाच दाखवता आली. तिथून आम्ही फुले वाड्यात गेलो. १८६८ साली अस्पृश्यांना खुला केलेला पाण्याचा हौद मुलांनी पाहिला, समाधीवरच्या तुळशी वृंदावनाला नमस्कार केला आणि मग ती अंगणात चित्र काढत बसली.

काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “लोकांना वाटतं, घरी शिकणं हे परदेशातलं खूळ आहे. पण सावित्रीबाई लग्नानंतर घरीच शिकल्या. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईनं शिकवलं, आणि त्या आईला वडिलांनी. रमाबाई रानड्यांनाही न्यायमूर्तींनी घरीच शिकवलं.”

आठवडाभर साठलेले माझ्या तोंडून निघून गेले. “हो काकू, पण शिकल्यावर सावित्रीबाईंनी काय केलं? शाळाच काढली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं. घरी शिकायला मिळणं हे एखादीच्याच नशिबात असतं, हे त्यांना ठाऊक होतं.”

बोलून गेल्यावर जीभ चावली. पण काकू रागावल्या नाहीत. बराच वेळ वृंदावनाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “खरं आहे तुझं. मी स्वतः शिक्षिका होते. एका वर्गात साठ मुलं. माझाच मुलगा प्रश्न विचारायचा थांबला, तेव्हा मी घाबरले. त्याला घरी आणलं. बाकीच्या एकोणसाठांना नाही आणता आलं.” आणि थोडे थांबून, “आम्हाला हे परवडतं, ही गोष्ट मी विसरत नाही. तुझी आई पोळ्या करते म्हणून मला मुलांना शिकवायला वेळ मिळतो.”

यावर मला उत्तर सुचले नाही. आजही पुरते सुचलेले नाही. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आहे. पुढे ही मुले मुक्त विद्यालयाची परीक्षा देतील, पासही होतील. त्यांची मला काळजी नाही. शाळेवाचून ज्यांचे काही अडत नाही, त्यांनी शाळेवाचून शिकावे. माझे मात्र अडले असते. मला अजूनही वाटते की फाटक असलेली, खिचडी शिजणारी, साठ जणांना सामावून घेणारी ती शाळा नसती तर आज हा लेख मी लिहिला नसता. एखाद्या कोयत्याचा अर्धा भाग झाले असते.

पण वादात जिंकल्याचे समाधान घरी पोचेपर्यंतही टिकले नाही. सावित्रीबाईंना शिकवणारे जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. शाळेत जे मिळाले ते त्यांनी संध्याकाळी घरी आणले. मी चौदा वर्षे शाळा-कॉलेजातून काय घरी आणले? गुणपत्रिका आणल्या. त्या आईने पेटीत जपून ठेवल्या आहेत. तिच्या शेजारी बसून एखादा परिच्छेद वाचावा, हे मला एकदाही सुचले नव्हते. कस्तुरबांची ती वही गुरुवारपासून माझा पाठलाग का करीत होती, ते आता कळले.

रविवारी सुट्टी होती. शाळाच नसलेल्या घरातही रविवारी सुट्टी असते, याचे मला हसू आले. मी मानधन घ्यायला गेले आणि काकूंची परवानगी घेऊन वहीतले शुक्रवारचे पान उघडले. माझी ती वळणदार अक्षरे खोडली. आई कणीक मळत होती. “आई, हे तू लिही,” म्हटले. ती म्हणाली, “आता? हात भरलेत.” मुलगी म्हणाली, “धुवून या, आम्ही थांबतो.” आम्ही थांबलो. तिचे नाव, अण्णांचे नाव, आडनाव. एकेका अक्षरावर ती कोयता चालवल्यासारखा जोर देत होती. पेन कागदातून आरपार जाते की काय असे वाटले. एक वेलांटी चुकली. मुलाने तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले आणि मिटले.

आता रोज रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघी अर्धा तास बसतो. ती वर्तमानपत्रातले मथळे वाचते आणि मी तिच्याकडून उसाच्या गोष्टी ऐकून लिहून घेते. दोघींचीही प्रगती सावकाश आहे. ती जोडाक्षराला अडते, मी तिच्या भाषेतल्या शब्दांना. ‘पन’ लिहायचे की ‘पण’, यावर आमचा वाद होतो. मी ‘पन’च लिहिते.

दिवाळीनंतर आम्ही बँकेत गेलो. खिडकीतल्या साहेबांनी सवयीने शाईचा पॅड पुढे केला. आई म्हणाली, “अंगठ्याऐवजी सही करायची असली तर त्याचा फारम असंल ना?” त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि फॉर्म काढून दिला. मागे रांग होती. कुणीतरी “अहो, लवकर आटपा” म्हणाले. माझे हात शिवशिवले. ते मी पाठीमागे घट्ट बांधले आणि उभी राहिले, ती माझ्या शाळेच्या फाटकाशी उभी राहायची तशी, तिची सही पुरी होईपर्यंत.